कॅनडाच्या राखणदाराला गाऱ्हाणं

“येव काय गो?”

आमच्या अंगणाचं बेडं, म्हणजे कुंपणातलं बांबूचं फाटक, दिवसभर सताड उघडं असतं. त्यातून कुत्री येतात, कोंबड्या येतात. देवबागेत वाट चुकलेले पर्यटक तर थेट स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ‘बोटिंग कुठे?’ म्हणून विचारतात. शेजारची काकी मात्र न विचारता कधी आत आली नाही. एक हात कुंपणाच्या काठीवर, दुसऱ्या हातात पदराखाली झाकलेली वाटी, आणि हा प्रश्न. मी ‘ये’ म्हणेपर्यंत ती तिथेच उभी. मी आंघोळीला गेलेली असले तरी उभी. सुरुवातीला मला या प्रकाराचा भारी वैताग यायचा.

गंमत अशी, की तिच्या दाराशी जाऊन मी हेच विचारलं की ती करवादायची, “ये मगे, इचारतंस कित्याक?” कायदा फक्त तिच्या एकटीला लागू होता.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. काकी कढीपत्ता तोडताना झाडाला सांगायची, ‘दोन पानां घेतंय हां.’ विहिरीत कळशी सोडण्याआधी काठाला हात लावायची. एकदा वायरमन आले आणि तारेला लागते म्हणून तिच्या फणसाची फांदी त्यांनी परस्पर छाटली. काकी भांडली नाही. तिने त्यांना बसवलं, चहा दिला, वर नाचणीची तळलेली गोड बोरं दिली, आणि ते उठायला लागल्यावर म्हणाली, की आता जाता जाता फणसाला हात जोडून चूक झाली म्हणून सांगा. ते दोन बाप्ये गडी एकमेकांकडे बघत फणसासमोर उभे राहिले. मी आमच्या ओसरीवरून पाहत होते. हसू आवरेना म्हणून शेवटी घरात पळाले.

माझा धंदा मुलांसाठी गोष्टी लिहिण्याचा. त्या वर्षी एका प्रकाशकांनी मला जुन्या काळातल्या कॅनडावर कादंबरी मागितली. परदेशातून जहाजाने आलेलं एक कुटुंब, आई, बाप आणि दहा वर्षांची मुलगी, जंगलात शिरतं, झाडं तोडतं, ओंडक्यांचं घर बांधतं आणि पहिला हिवाळा काढतं. मी हो म्हणून बसले. आता मी बर्फ पाहिलेला तो मासळीच्या पेटीतला. पुस्तकं जमवून, वाचून कशीबशी तीन प्रकरणं लिहिली, आणि गाडी जी रुतली ती हलेचना.

नेमकी त्याच वर्षी गणपती विसर्जन झाल्यावर काकीची एकुलती लेक नवऱ्याबरोबर कॅनडाला गेली. काकी विधवा, घरात एकटी. मी कॅनडावर लिहितेय हे कळल्यावर ती रोज दुपारी बेड्याशी हजर व्हायला लागली. आत आली की माडाचं चुडत, म्हणजे झावळी, मांडीवर घेऊन केरसुणीसाठी हीर काढत बसायची आणि म्हणायची, वाच. मी तिला बजावून सांगितलं, की ही फार जुनी गोष्ट आहे, तुझी लेक आठव्या मजल्यावर राहते आणि तिच्या घरात भिंतीतून ऊब येते. तर म्हणाली, ते मला ठाऊक आहे, मी रोज फोनवर बघते. पण जागा तीच ना?

तिसरं प्रकरण वाचून झालं तेव्हा तिने चुडत बाजूला ठेवलं. मग तिने विचारलं, “रानात शिरले, झाडां तोडल्यानी, घर बांधल्यानी. पण जागेवाल्याक इचारल्यानी काय?”

आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो. डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. नव्या जागेत पाऊल टाकायचं तर नारळ ठेवून त्याला आधी सांगायचं, ही इथली रीत. मी जरा चिडूनच म्हटलं, की काकी, ते मोकळं रान होतं, तिथे कोण असणार?

“खंयचोच जागो मोकळो नसता गो,” ती म्हणाली आणि पुन्हा हीर काढायला लागली.

मग मला उमगलं, गोष्ट का रुतली होती ते. त्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं होती, माझ्याच टेबलावरच्या पुस्तकांत ती होती, आणि माझ्या गोष्टीत त्यांचं नखही नव्हतं. मी चौथ्या प्रकरणात त्या रानातली एक म्हातारी आणली. गोष्टीतली आई मुलीचा हात धरून तिच्या झोपडीपाशी जाते आणि बाहेरच उभी राहते. आता रिकाम्या हाताने कसं जायचं? काकीचा हट्ट, नारळच हवा. मी म्हटलं, तिथे माड नाहीत. हे तिच्या पचनी पडायला दोन दिवस गेले. माडाशिवाय माणसं जगतात कशी, हा तिला खरोखर पडलेला प्रश्न होता. शेवटी तडजोड म्हणून आई मूठभर मीठ घेऊन गेली. “मीठ चलात,” काकीने मान्यता दिली.

त्यानंतर कादंबरी धावायला लागली. म्हातारी त्या मुलीला झाडाच्या खोडातून गोड पाणी कसं काढायचं ते शिकवते, हे ऐकून काकी खूश झाली. आमच्या माडातून गोड सूर काढतात तसंच की, म्हणाली, मग तिथली माणसं आपल्यासारखीच.

पण इकडे गोष्ट पुढे सरकत होती आणि तिकडे काकीच्या लेकीचं बिघडत होतं. थंडी वाढली, नवरा दिवसभर कामावर, हिला नोकरी नाही, बोलायला कोणी नाही. पौषात ती रोज फोनवर रडायला लागली. मी परत येते, म्हणायची. काकी फोन ठेवून माझ्याकडे यायची तेव्हा तिचे डोळे लाल असायचे. लेक परत यावी असं तिला किती वाटत होतं, ते मला दिसत होतं. लेकीची खोली ती रोज झाडायची. एक ‘ये’ म्हणायची खोटी होती, पोरीने तिकीट काढलं असतं.

त्याच सुमाराला मी शेवटचं प्रकरण लिहिलं. त्यात हिवाळ्याला कंटाळून ते कुटुंब सामान बांधतं आणि बंदराकडे परत निघतं. मी वाचून दाखवलं. काकीच्या हातातला हीर तसाच राहिला.

“तेंका परत हाडू नको,” ती म्हणाली.

मी विचारलं, परत का नको आणू? तुला तर आनंद व्हायला हवा. त्यावर ती म्हणाली, की त्या बाईने रीतीने विचारून जागा घेतली आहे. एका थंडीला भिऊन ती उठून आली, तर पुढे कुठेच टिकायची नाही. आईच्या पदराखाली किती दिवस राहणार? ती आता गोष्टीतल्या बाईबद्दल बोलत नव्हती, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. मी तिचा हात तेवढा हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती बेड्याशी उभी. म्हणाली, फोन लावून दे आणि तू पण बस. आमच्याकडे चुलीवर पेज उकळत होती, तिकडे काळोख पडला होता. काकीने लेकीला विचारलं, त्या घरात शिरताना जागेवाल्याला सांगितलंस काय? पोरगी रडता रडता हसली. आई, आठव्या मजल्यावर कसला जागेवाला? काकीने ऐकलं नाही. लेकीला कोट-टोपी चढवून खाली पाठवलं, स्वयंपाकासाठी दुकानातून आणून ठेवलेला नारळ इमारतीच्या दाराबाहेर बर्फात ठेवायला लावला आणि फोन त्याच्यासमोर धरायला सांगितला. गाऱ्हाणं, म्हणजे राखणदाराला मोठ्याने केलेली विनवणी, घालायचा मान खरा पुरुषांचा. पण घरात बाप्या माणूस नाही, मग कोण घालतलो, म्हणून तीच डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली.

“बा राखणदारा, माका तुजा नाव ठावक नाय. माजा चेडू तुज्या जाग्यात इला आसा. इचारूचा ऱ्हवला, ता पोटात घाल. तेका थंडीवाऱ्यात सांभाळ, आणि तेचो पाय थंय ठरांदे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं. गाऱ्हाण्याला बाकीच्यांनी साथ द्यायची ती एवढी एकच ओळ, ती माझ्या वाट्याची होती. फोनवर तो नारळ दिसत होता, त्याच्यावर बर्फ भुरभुरत होता, आणि लेकीचा आवाज आला, “व्हय म्हाराजा.”

राखणदाराने ऐकलं की आईने ऐकवलं, देव जाणे. पोरगी टिकली. पुढे तिला एका पाळणाघरात काम मिळालं. माझ्या गोष्टीतलं कुटुंबही तिथेच राहिलं. पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रत मी काकीला दिली. तिने ती पिशवीत घालून लेकीकडे पाठवून दिली. माझं ऐकून झालंय, म्हणाली. त्या पुस्तकाबद्दल लोक मला शाबासकी देतात तेव्हा मी मान हलवते, पण मनातून तिलाच नमस्कार करते. मुलांच्या गोष्टींत मी आजवर पुष्कळ घरं बांधली, पण पाया असलेलं ते एकच, आणि तो काकीने घातला.

गेल्या श्रावणात काकी गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. लेक येऊन सगळं करून परत गेली. परवा तिचा फोन आला. नवं घर घेतलंय, म्हणाली, जमिनीवरचं. तिकडे नारळ मिळतो, पण वयनी, आईच्या माडाचा एक पाठवशील? माझा भाऊ पुढच्या आठवड्यात तिकडे निघालाय, त्याच्याकडे द्यायचं ठरलं.

काकीच्या घराची किल्ली माझ्याकडेच असते, म्हणून आज तो नारळ आणायला गेले. फाटक नुसतं ढकललं तरी उघडतं. पण काठीवर हात ठेवला आणि माझे पाय थांबले.

“येव काय गो?”

ओसरीवर तिने काढलेल्या हिरांची मोळी अजून तशीच होती. इचारतंस कित्याक, असं आतून कोणी ओरडलं नाही. मी उन्हात उभी राहिले, ती माझ्यासाठी राहायची तेवढा वेळ, आणि मग आत गेले.