गल्लीतले माग बंद होते तेव्हा

लेखन हा माझा प्रांत नव्हे. आयुष्यभर मी ऐकण्याचे काम केले, आणि निवृत्तीनंतर या वयात हातात लेखणी धरणे हे धारिष्ट्यच आहे. ज्यांना लिहिता येते त्यांनी मला क्षमा करावी. एक प्रसंग मात्र मनातून जात नाही, म्हणून तो जसा घडला तसा मांडत आहे.

"मॅडम, पोरगी जेवत न्हाय. झोपत न्हाय. भिंतीला टेकून नुसती बसती. पास मिळाला की तेलंगणात मावशीकडं पाठवतो तिला."

फोनवर नरसय्या होते. सोलापुरात भवानी पेठेतील एका गल्लीत त्यांचे घर होते. पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग, मागच्या खोलीत संसार. त्यांची मुलगी लावण्या आमच्या शाळेत नववीत होती. टाळेबंदी सुरू होऊन बरेच दिवस झाले होते, आणि जिल्ह्याबाहेर जायला पोलिसांचा पास लागे. मी शाळेची समुपदेशक होते. समुपदेशक म्हणजे मुलांनी ज्याच्याजवळ मन मोकळे करावे असा माणूस. तो उपदेश करत नाही. केला तर मुले पुन्हा येत नाहीत.

"मावशीकडे गेल्यावर शाळेचे काय?" मी विचारले.

"शाळा काय मॅडम, मोबाईलवरच हाय की. आणि तितं तिच्या मावशीला घरकामाला हात पायजेच हाय."

'हात पाहिजे' या शब्दांचा अर्थ मला ठाऊक होता. अशा तऱ्हेने गेलेल्या मुली मी पाहिल्या होत्या. त्या परत येत नाहीत असे नाही. पण आल्या तरी दप्तर घेऊन येत नाहीत. मी त्यांच्याकडे थोडी सवड मागितली. "पास येईपर्यंत बोला," ते म्हणाले.

शाळेत असताना माझे काम चेहऱ्यावरून चाले. मूल दारातून कसे आत येते आणि खुर्चीच्या कडेवर बसते की रेलून, यावरून निम्मी गोष्ट कळत असे. फोनवर उरला होता फक्त आवाज, आणि लावण्या तोही देत नव्हती.

"कशी आहेस?"

"बरी हाय मॅडम."

"झोप लागते का?"

"लागते की."

एवढ्यावर आमचे संभाषण संपत असे. मग मी तिला प्रशिक्षणात शिकवलेला रिलॅक्सेशनचा व्यायाम दिला. डोळे मिटायचे, श्वास मोजायचा, आजूबाजूची शांतता ऐकायची. इतर मुलींना त्याने बरे वाटत होते. दुसऱ्या दिवशी नरसय्यांचा फोन आला. व्यायाम करता करता ती रडत सुटली होती आणि थांबायलाच तयार नव्हती.

मी मुख्याध्यापकांना फोन केला.

"सर, लावण्याची अवस्था बरी नाही. ऑनलाइन वर्गात तिला बोलते करण्याचा आग्रह काही दिवस नको."

"मॅडम, इतकी वर्षे त्या गल्लीतले पालक येऊन सांगायचे, मागाच्या खडखडाटात पोरांचा अभ्यास होत नाही. आता सगळे माग बंद आहेत. अभ्यासाला यापेक्षा चांगले वातावरण कुठले?"

"तेच मला कळत नाही, सर."

"बरं, नाही आग्रह करत. पण मला महिनाअखेरीला हजेरी वर पाठवायची आहे. तुम्ही तुमचं ते ऐकण्याचं काम जरा लवकर आटपा."

सर मनाने चांगले होते. त्यांना वरून फोन येत, आणि त्यांचे फोन आम्हाला येत.

पुढच्या वेळी मी प्रश्न विचारलेच नाहीत. माझीच एक गोष्ट सांगितली. माढ्याहून मी शिकायला सोलापुरात आले तेव्हा भवानी पेठेतच एक खोली भाड्याने घेतली होती. खालच्या मजल्यावर माग होते. फळीवरची भांडी रात्रभर किणकिणत. सुरुवातीला मला झोपच येईना. घरी परत जावे असे वाटे. पुढे सवय इतकी झाली की मागांच्या सुट्टीच्या दिवशी मी टक्क जागी असे. कूस बदलून कंटाळले की वाटे, कुणी तरी खाली जाऊन एखादा माग चालू करावा. ते दिवस सांगताना मी स्वतःच त्यांत रमून गेले. खालच्या घरातील काकू मला चहाला हाक मारीत, आणि खडखडाटात मला ती ऐकू येत नसे, म्हणून त्या छताला काठीने ठोकीत.

लावण्या हसली. किती तरी दिवसांनी.

"पण सुट्टीचं वेगळं हाय मॅडम," ती म्हणाली. "सुट्टीला माहीत असतं, उद्या चालू होणार. हे तसं न्हाय."

"मग कसं?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मीही राहिले. फोनवर गप्प राहणे हे आमच्या कामातले सर्वांत अवघड कौशल्य आहे.

"आमच्या गल्लीत कुणी गेलं ना मॅडम, की सगळे माग बंद करतात. समद्यांचे. माती देऊन माणसं परत आली की मग चालू. आमचे आजोबा, तात्या, गेले तवा मी लहान होते. शाळेतून आले, तर कोपऱ्यावरच कळलं. आवाजच नव्हता."

"आणि आता?"

"लॉकडाऊन हाय ते कळतं की मला. पण कानाला कळत न्हाय. सकाळी उठलं की वाटतं, कोण तरी गेलं. रोज वाटतं. कोण गेलं ते कुणी सांगत न्हाय."

शांतता ऐकण्याचा व्यायाम तिला का सोसला नाही, हे मला आता कळले. पण तिचे शेवटचे वाक्य मनात अडकून बसले. मी नरसय्यांना फोन लावला.

"ती ज्या भिंतीला टेकून बसते, त्या भिंतीपलीकडे कोण राहतं?"

ते हलक्या आवाजात म्हणाले, "राहत होती मॅडम. शेजारची आजी. आमची पोरगी तिला नानम्माच म्हणायची." तेलुगूत वडिलांच्या आईला नानम्मा म्हणतात. "दवाखान्यात नेली, ती परत आलीच न्हाय. कुणाला बघायला पण मिळालं न्हाय. पोरीला सांगितलं, गावाला गेली."

"का?"

"ल्हान हाय की ती."

सगळे माझ्यासमोर उलगडत गेले. एरवी आजी गेल्या असत्या तर गल्लीतला माग अन् माग थांबला असता. माणसे जमली असती, त्यांना नेले असते आणि परतल्यावर एकेक माग पुन्हा सुरू झाला असता. मुलीला कुणी काही सांगण्याची गरजच पडली नसती. आवाजाने सांगितले असते, आणि आवाजानेच पुढे नेले असते. पण माग आधीच बंद होते. आजींसाठी वेगळे बंद करायला काही उरलेच नव्हते.

"तिला सांगा," मी म्हणाले.

"मोडून पडंल मॅडम."

"ती रोज नव्याने कुणाला तरी गमावते आहे, नरसय्या. आज आईला, उद्या तुम्हाला. तिला एकाच माणसासाठी रडू द्या."

ते म्हणाले, "तुमी फोनवर ऱ्हावा. मला एकट्याला जमायचं न्हाय."

मी राहिले. फोन स्पीकरवर ठेवून ते तिच्याशी तेलुगूत बोलले. मला ती भाषा येत नाही. 'नानम्मा' एवढाच शब्द समजला, तो पुन्हा पुन्हा आला. मग लावण्याचा हुंदका, आणि तिच्या आईचाही. नरसय्याही रडले असावेत. पुरुषांचे रडणे फोनवर खोकल्यासारखे ऐकू येते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. लावण्या भरपूर रडली होती, आणि त्यानंतर तिने एक प्रश्न विचारला होता: "मग आपण माग कधी चालू करायचा?"

"रीत तीच हाय मॅडम," नरसय्या म्हणाले. "बीमवर थोडा ताणा शिल्लक हाय." कापडाचे उभे धागे म्हणजे ताणा, तो ज्या मोठ्या रुळावर गुंडाळलेला असतो तो बीम. "एक टॉवेल निघंल. पण बंदी हाय. काय करू, सांगा."

मी शाळेची नोकर होते. चालवा असे मी म्हणाले नाही. चालवू नका असेही म्हणाले नाही. फोन मात्र ठेवला नाही.

बटण दाबल्याचा आवाज आला. आडवा धागा नेणारा धोटा एकदा अडखळला, आणि मग तो ओळखीचा खडखडाट सुरू झाला. माझ्या जुन्या खोलीतली भांडी जणू पुन्हा किणकिणू लागली.

बाहेरून कुणी तरी ओरडले, "ए नरसय्या, पोलीस येतील की रं!"

"येऊ दे की! त्यांनाच टॉवेल देतो, घाम पुसायला!"

ओरडणाऱ्याला हसू आले. मग त्याने विचारले, "आजीसाठी व्हय?" नरसय्या "व्हय" म्हणाले. टॉवेल पुरा होईपर्यंत कुणीही तक्रार केली नाही.

लावण्या त्या रात्री झोपली. पास आला, पण मावशीकडे कुणी गेले नाही. पुढच्या आठवड्यात तिने ऑनलाइन वर्गात स्वतःहून एका प्रश्नाचे उत्तर दिले. ते चुकीचे होते. सरांनी तेही मला कौतुकाने कळवले. आता ती एका दवाखान्यात स्वागतकक्षात काम करते आणि बाहेरून बी. ए. करते. फोनवर अजूनही "बरी हाय मॅडम" असेच म्हणते, पण त्यानंतर बोलत राहते.

त्या गल्लीतले बरेच माग आता भंगारात गेले. मी मुलाकडे नव्या वस्तीत राहते. इथे रात्री फक्त पंख्याचा आवाज असतो. दुःखाचे दिवस होते, तरीही तेव्हाचे ते फोन मला आठवतात आणि हवेसे वाटतात, हे कबूल करायला संकोच वाटतो. धडा म्हणाल तर एवढाच मिळाला: मुलाला शांत करण्याआधी त्याला शांततेचा अर्थ विचारावा. प्रशिक्षणात हे मला कुणी शिकवले नव्हते.

तुमच्या घरातली मुले कोणत्या आवाजाच्या सोबतीने झोपतात, हे तुम्हाला ठाऊक आहे का?