मसाल्याच्या गाळ्यातली गळती

दोन वर्षं मी घसा फोडून सांगत होते, की बायांनो, मसाला धडाधड विकला जातोय आणि आपल्या हातात काही राहत नाही, म्हणजे माल कुठेतरी गळतोय. विश्वास कोणी ठेवला? कोण्णी नाही! उलट सुलभा म्हणते कशी, "शैला, तुला तर देवळातल्या पुजाऱ्याचाही संशय येतो."

येतो. मग?

दहिसरला एका गाळ्यात आम्ही चौघी मालवणी मसाला करतो. मंदाताई परब, सुलभा, लता आणि मी. मसाला मंदाताईच्या सासरचा, म्हणून ती मुख्य. आता चार बायका आणि एक गिरणी एका खोलीत असल्या की किस्से मिरचीच्या धुळीसारखे साचतात. कितीही झाडा, कोपऱ्यातून निघतातच. आणि सांगायला बसलं की ठसका लागतो तो वेगळा!

•

पहिला आमच्या बुडण्याचा.

वर्षाची मिरची आम्ही मार्चमध्येच भरतो. तेव्हा ती नवी असते, रंगाला चांगली असते. पण त्या महिन्याचा हिशेब लावला की विक्री एवढीशी आणि खर्च आभाळाएवढा. सुलभा पोत्यावर बसून डोळ्यांना पदर लावायची. "वाट लागली गं आपली!" जूनमध्ये खरेदी काहीच नाही, नुसती विक्री. मग हीच बाई पेढे वाटायची. असं आम्ही दर वर्षी एकदा बुडायचो आणि एकदा श्रीमंत व्हायचो.

यंदा मात्र खेळ नव्हता. गाळ्याचं भाडं वाढलं होतं. वांद्र्याच्या एका मोठ्या दुकानवाल्या कंपनीला आमचा मसाला हवा होता, पण ते म्हणाले, आधी हिशेब दाखवा. ऑर्डर मिळाली तर गाळा राहणार, नाहीतर कुलूप. म्हणून मंदाताईने भाचीला बोलावलं. केतकी तिचं नाव. अंधेरीला एका ऑफिसात कंपन्यांचे हिशेब तपासते.

केतकी आली तेव्हा सुलभाचं रडणं चालूच होतं.

"काकू, तुम्ही कशावर बसून रडताय?"

"मिरचीच्या पोत्यावर."

"मग ती मिरची खर्च कुठे झाली? जो मसाला विकला, त्याला जेवढी लागली तेवढाच विकलेल्या मालाचा खर्च. आधीची शिल्लक धरायची, नवी खरेदी मिळवायची आणि उरलेला माल वजा करायचा. तुमचा तोटा तुमच्या बुडाखाली आहे, काकू!"

सुलभा टुणकन उठली.

•

उरलेला माल वजा करायचा तर तो मोजायला हवा. केतकी रविवारी मोजायला येणार म्हटल्यावर मंदाताईने शनिवारी गाळा आवरायला घेतला. मुलगी बघायला पाहुणे येणार असल्यासारखा! धण्याची अर्धी पोती माळ्यावर टाकली आणि वर स्वच्छ चादर.

केतकीने मोजलं. धणे निघाले कमी.

"आत्या, बाकीचे धणे?"

मंदाताई बोटाने वर दाखवते. "पसारा बरा दिसत नाही गं."

"अगं, माल लपवलास तर तो तुम्ही वापरून संपवला असं मी धरणार!"

"एवढे धणे? मी काय बैल आहे?"

•

चहावरून तर महायुद्ध झालं. लताने चहा, साखर, दूध सगळं मालाच्या खर्चात सांगितलं. केतकीने कापलं.

"चहा मसाल्यात घालता का?"

"नाही."

"मग हा वरचा खर्च. गाळ्याच्या भाड्याबरोबर जाईल, मिरचीबरोबर नाही."

लता पेटली. "ए मुली, दुपारी चार वाजता चहा बंद करून बघ. मसाला आपोआप होतो का ते दाखव मला!"

केतकी सांगून सांगून थकली, की चहा बंद करत नाहीये, फक्त दुसऱ्या रकान्यात लिहितेय. लताचं एकच. "लिही कुठेही. पण आल्याचा पाहिजे."

•

मग केतकीने विचारलं, तुमची मजुरी कुठे धरलीय? आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघतो. मजुरी? आपल्याच कामाची?

"मसाला भाजायला हात लागतात ना? मग ते हातही त्याच्या खर्चात येतात. फुकट धरले तर नफा खोटा दिसतो."

धरली. आणि नफा असा खाली बसला, जसं उकळत्या दुधावर कुणी पाणी मारावं!

सुलभाचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्यामुळे तोटा होतोय का गं? मग मला धरू नकोस."

मी ओरडले, "गप बस! तू काय फुकटात मिळतेस?"

सुलभा हळूच म्हणाली, "इतके दिवस मिळतच होते ना."

केतकीने पेन घेतलं आणि सुलभाच्या मजुरीखाली रेघ मारली. जाड.

•

आणि मग वांद्र्याचे साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, आणि आल्यापासून शिंका. केतकीने केलेला हिशेब त्यांनी नीट बघितला.

"भाव ठीक आहे, मजुरी ठीक आहे. पण जेवढी पाकिटं विकलीत, त्यांच्या मानाने मिरची जास्त लागलीय. देठं काढून, भाजून वजन घटतं, ते धरूनसुद्धा जास्त. दर महिन्याला! जाते कुठे?"

मी टाळीच वाजवली. "ऐका! आता ऐका!" मंदाताईने असं बघितलं, की दुसरी टाळी हवेतच राहिली.

साहेब म्हणाले, "तुम्ही तुमचं काम करा, मी बसतो." बसले स्टुलावर. आम्ही पाकिटं भरायला घेतली. काटा अर्ध्या किलोवर थांबला, की मंदाताईचा हात पिंपात आणि वर एक मूठ पाकिटात. सुलभाची मूठ. लताची तर भरगच्च. माझीही. मुद्दाम कोणी घालत नाही, हात आपला जातो! मंदाताईच्या सासूबाईंनी घालून दिलेली रीत. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्या म्हणायच्या, "मापात दुकानदार देता. आपण माणसांका देतंव." नेमकं तोलून दिलं की दिल्यासारखंच वाटत नाही.

साहेब उठून उभे राहिले. "ताई, हे प्रत्येक पाकिटात?"

"मग? एकाला द्यायचं आणि एकाला नाही, असं कसं?" मंदाताई म्हणाली.

केतकीने कपाळाला हात लावला. साहेब हसले, हसता हसता शिंकले, आणि शिंकता शिंकता पुन्हा हसले. मग एकदम कडक झाले.

"ऑर्डर देतो. पण ही मूठ वजनात धरा, पाकिटावर तेवढं वजन छापा आणि तेवढी किंमत लावा. आणि ही सवय जिने लावली, तिचं नाव मला द्या. ऑफिसात वरच्यांना सांगावं लागतं. ती बाई यापुढे वजनाच्या कामावर नको."

साहेबांनी पेन उघडलं.

सुलभा म्हणाली, "माझं लिहा."

"हिचं कशाला? माझं लिहा," मी म्हणाले.

लता म्हणाली, "सगळ्यात मोठी मूठ माझी आहे, साहेब!"

"तिघी गप बसा गं." मंदाताई पुढे झाली. "साहेब, ती बाई यापुढे काट्याला हात लावणार नाही. माझा शब्द."

"ठीक. नाव?"

मंदाताईने डोक्यावर पदर घेतला.

"लिहा. द्वारकाबाई सखाराम परब."