भिमाबाईच्या किटलीवरचं नाव

लिंबाजी हा धाराशिवच्या भांडेबाजारातला नावं घालणारा. माझं शिलाईचं दुकान त्याच्या ओट्याला लागून, त्यामुळं त्याची ठकठक मी जन्मभर ऐकली. छिन्नी टेकवायची, हातोडी मारायची, ठिपक्याला ठिपका जोडत अक्षर उभं करायचं. भांडं हातात आलं की त्याचा प्रश्न ठरलेला, "कुणाकडून?" आपल्याकडं भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात, वापरणाऱ्याचं नाही. ते त्याच्या हाडीमांसी भिनलं होतं.

ऐंशीच्या सुमारास, ज्याच्या ओट्यावर तो बसायचा त्या भांडेवाल्यानं सोलापूरहून विजेवर चालणारी सुई आणली आणि लिंबाजीच्या डोक्याचा पार भुगा झाला. एक जाड टोक, एक बारीक टोक, शिवाय नमुन्याची पाटी: ताठ अक्षरं, वळणदार अक्षरं, शेपट्या काढलेली अक्षरं. सकाळी एक टोक बसवायचा, दुपारी काढायचा. वर मलाच विचारायचा, "कोणतं बरं दिसतंय?" मी वैतागायचो. अरे, मी सदऱ्याला काजं करणारा माणूस, मला कशाला विचारतोस?

अशात जळकोटची भिमाबाई एसटीनं आली. गावात दुधाची सोसायटी निघाली होती आणि तिनं स्वतःच्या म्हशीच्या दुधाच्या पैशावर स्टीलची किटली घेतली होती. किटलीच्या पोटावर सोसायटीचा नंबर येणार, म्हणून नावाला उरली गळ्याखालची दोन बोटं पट्टी.

"मामा, पुरं नाव पायजे. आन् घासून जायला न्हाय पायजे."

"एवढ्याशा जागंत? निस्तं भिमाबाई घालतो की."

"न्हाय. बहात्तरच्या दुष्काळात आमी खडी फोडायला गेल्तो. मालक तिथंच वारले. माघारी आले तर दिरानं भांडी वाटून घेतल्याली. सासऱ्याचं नाव दिसंल ते त्येचं. माझ्या माहेरच्या तांब्यावरचं नाव घासून गेल्तं, त्यो बी नेला. आता ह्या किटलीवर डोळा हाय त्येचा."

मी हातातला सदरा बाजूला ठेवून तिच्याकडं वळलो. लिंबाजी मात्र दोन टोकांकडं आळीपाळीनं बघत बसला. जाड टोकानं रेघ खोल जायची, पण एवढ्या जागेत 'भ'चं पोट बुजायचं. बारीक टोकानं नाव मावायचं, पण राखेची घासणी ते किती दिवस टिकू देणार? वळणदार अक्षर काढावं तर एकाची शेपटी दुसऱ्याच्या कानात. एका फुटक्या झाकणावर त्यानं इतक्या भिमाबाया काढल्या की झाकण भरून गेलं. "काय कळंना बाबा," तो म्हणाला. कपाळावरून घाम गळत होता.

शेवटी मीच ओरडलो, "ताठ अक्षर घे, बारीक टोक घे, आणि त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा फिरव. सदऱ्याला दुहेरी टीप मारतात तसं!"

त्याला पटलं. श्वास रोखून त्यानं काम केलं, किटली पुसली, नाव वाचलं आणि ती माझ्याकडं सरकवली. मी वाकून मोठ्यानं वाचलं, "भिमाबाई व्यंकट सरवदे यांजकडून."

सगळं लक्ष टोकाकडं, आणि हातानं आपली जुनी सवय पुरी केली होती. आता स्टीलवरचं, तेही तीनदा कोरलेलं, पुसायचं कसं?

भिमाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. रेघा बोटाला लागत होत्या.

"म्हंजी म्या दिली, असं लिवलंय?"

"व्हय. चुकलं माझं, अक्का," लिंबाजी म्हणाला.

"चुकलं कशानं? म्याच दिलीय की मला. दुसरं कोण देणार हुतं?" तिनं किटली पदराखाली घेतली. "दिराला वाचता येतंय. वाचू द्या त्येला."