मोडेमचा दिवा विझला तेव्हा

माळा आवरताना जुना मोडेम हाती लागला आणि तेल्हाऱ्याच्या कचेरीतली ती संध्याकाळ आठवली. पावसानं कपाशी सडली होती. नुकसान झालेल्या शेतांची यादी फोनच्या तारेवरून अमरावतीच्या कॉम्प्युटरवर पाठवायचं काम माझ्याकडे, रोजंदारीवरच्या ऑपरेटरकडे होतं. मध्येच मोडेमचा दिवा विझला. साहेब कुलूप घेऊन उठले, "दिवा विझला, म्हंजे गेली यादी तिकडे. चला." मी उठले नाही. माझे वडील कापसाच्या बाजारात मापारी होते. काटा थांबला म्हणून ते गाडी सोडत नसत, शेवटचं माप झाल्यावर ते स्वतः "सरलं!" म्हणून ओरडत, मगच गाडी हलायची. मी म्हटलं, "तिकडून पूर्ण झाल्याचा निरोप नाई आला, साहेब. तार तुटली तरी त्या मशीनले वाटते, यादी सरली." "तुले लय समजते!" साहेब चिडले. मी अमरावतीला फोन लावून यादीतलं शेवटचं गाव विचारलं. त्यापुढची आमची नऊ गावं तिकडे पोचलीच नव्हती. यादी पुन्हा पाठवली. पडद्यावर निरोप उमटला, तशी मी वडिलांसारखीच ओरडले, "सरलं!" साहेबांनी कुलूप माझ्या हातात दिलं. आता माझ्या हाताखाली इंजिनियर आहेत. कुणी डेटा पाठवून "गेला तिकडे" म्हणालं, की मी एवढंच विचारते, "गेला ते ठीक, पण सरलं कोन म्हनलं?"