शेराला नापास केलं तेव्हा

लढाई संपल्यावर, बहात्तरच्या उन्हाळ्यात, आमचं डॉग सेक्शन नगरला आलं. केडगावच्या अलीकडे माळावर पत्र्याचे केनेल होते. मी हवालदार. सकाळी पी.टी., मग ग्रूमिंग, मग ट्रेनिंग. पाणी टँकरने यायचं आणि माणसांच्या आधी कुत्र्यांना मिळायचं. कोणी कुरकुर केली, तर मी त्याला केनेलमध्ये राहायला जायची परवानगी देऊन टाकायचो.

त्या वर्षी सेक्शनला नवी पिल्लं हवी होती. सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं, देखणा नर आणि देखणी मादी एकत्र आणली की झालं. आमच्याकडे नाक बघायचे, स्वभाव बघायचे, गोळीच्या आवाजाला बिचकतो का ते बघायचे, भावंडं कशी निघाली याची चौकशी करायचे आणि शेवटी हाडं. एका गोष्टीत कमी पडला की कुत्रा बाद, मग तो कितीही लाडका असो. त्याची खोड पिल्लांत उतरते, आणि त्या पिल्लाच्या भरवशावर उद्या एखादा जवान पेट्रोलिंगला जाणार असतो.

मादी ठरली होती, ज्युली. नराबद्दल सेक्शनमध्ये दुमतच नव्हतं. शेरा. लढाईतून तो मागच्या उजव्या पायात तोफगोळ्याचं स्प्लिंटर घेऊन आला होता आणि थोडा लंगडायचा. त्याचा हँडलर लान्स नायक बाळू परत आला नाही. बाळू नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्याच्या डोंगरातला. त्याचे वडील सोमाबाबा यांनी आमच्याकडे एकच मागणं केलं होतं, शेराचं एक पिल्लू. सैन्याच्या कामाला न लागलेलं एखादं देता येईल, असं आमचे डॉक्टर कॅप्टनसाहेब म्हणाले होते. म्हातारा त्यावरच दिवस काढत होता.

शेराची चाचणी मी घेतली. नाक अव्वल. डोक्यावरून गोळी झाडली तरी त्याने कान हलवला नाही. मग पळवला. पळताना तो मागचे दोन्ही पाय एकदम उचलत होता, सशासारखे. स्प्लिंटर उजव्या पायात होतं, डाव्या पायाला ओरखडाही नव्हता. लढाईची जखम म्हणून आम्ही सगळ्यांनी त्याच्या लंगडण्याचं कौतुकच केलं होतं, नीट कोणी पाहिलंच नाही. साहेबांनी एक्स-रे काढला. दोन्ही खुब्यांच्या वाट्या जन्मापासूनच उथळ. शेरा ब्रीडिंगसाठी बाद झाला.

नेमके त्याच आठवड्यात सोमाबाबा एस.टी.ने आले. साहेब म्हणाले, तुमची बोली जुळते, तुम्हीच सांगा. मी सांगितलं.

"लंगडतो म्हून?" बाबा म्हणाले. "आरं, माझ्या पोरासंगं लढाईला गेल्ता त्यो."

मला त्यांच्याकडे बघवेना. तरी सांगणं भाग होतं. हे लंगडणं लढाईचं नाही, जन्माचं आहे, पिल्लांतही उतरू शकतं. दोन वर्षांनी तुमच्या अंगणात ते मागचं अंग ओढत चालेल, आणि ते बघायला तुम्हीच असाल. शेराला मात्र कोणी हलवणार नाही, तो केनेलच्या फाटकावर पहाऱ्याला राहील, असंही सांगितलं.

बाबा शेराजवळ खाली बसले. त्याच्या कमरेवरून हात फिरवत राहिले. शेरानेही डोकं त्यांच्या मांडीवर टाकलं.

"बाळूला ठावं हुतं का ह्ये?" त्यांनी विचारलं.

बाळूची शेवटची संध्याकाळ मला आठवली. कालव्याचा बांध ओलांडायचा होता. रेडिओवर ऑर्डर आली, "जल्दी पार करो. ओव्हर." माझ्यापुढे बाळू होता. रायफल, पॅक, आणि त्यावर पुरा वाढलेला अल्सेशियन शेरा खांद्यावर घेऊन तो बांध चढत होता. मी ओरडलो, उतरव त्याला, चढेल तो. बाळू म्हणाला, "दमलाय, उस्ताद. ऱ्हाऊ द्या." मला वाटलं, नसते लाड चालले आहेत. पलीकडे त्याने शेराला खाली ठेवलं, दोघे पुढे झाले, आणि तिथेच तोफेचा शेल पडला.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. कसं सांगितलं ते मला आता आठवत नाही.

"ठाऊक होतं त्याला," मी म्हणालो.

बाबा हसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

"बारका हुता तवा लंगडं करडू आसंच खांद्याव घिऊन यायचा. इचारलं तर म्हनायचा, दमलंय. मला कळलं तर मी त्ये बाजारात इकीन, म्हून."