काचपट्टीवरचं कुंकू

गुणाजी घाडी घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागले आणि बावीस वर्षांनी शिपाई म्हणूनच निवृत्त झाले. तेवढ्या काळात विभागात सहा प्राध्यापक आले-गेले, त्यातला एक मी. फुलपाखराच्या पोटातले भाग काचेवर गुणाजींसारखे मांडणं आमच्यापैकी कुणालाच जमत नव्हतं. हे आम्ही त्यांना कधी सांगितलं नाही, याची मला आता लाज वाटते.

नाद लागला तो झुरळांमुळे. विद्यार्थ्यांसाठी झुरळांच्या तोंडाचे भाग काचेवर बसवायचं काम त्यांच्याकडे असे. एकदा खिडकीत मरून पडलेलं फुलपाखरू त्यांनी उचललं, त्याची सोंड सोडवून मायक्रोस्कोपखाली धरली आणि मला हाक मारली. "सर, ही एक नळी नाय. दोन अर्ध्या पन्हळी हायत, एकमेकीला शिवल्यासारख्या." पुस्तकात हे मी वाचलं होतं आणि दरवर्षी शिकवतही होतो. डोळ्यांनी पाहिलं त्या दिवशी.

पुढे कॉलेजनं मोडीत काढलेला एक मायक्रोस्कोप त्यांनी दुरुस्त करून विक्रोळीच्या चाळीतल्या खोलीत नेला. खिडकीशी एक फळी ठोकली, तीच त्यांची प्रयोगशाळा. वाळलेल्या फुलपाखराचं पोट कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवायचं, म्हणजे मांस विरघळतं आणि कडक भाग उरतात. ते सुईनं साफ करायचे, अल्कोहोलमध्ये पाणी काढून टाकायचं, लवंगेच्या तेलात पारदर्शक करायचे, आणि शेवटी बाल्सम नावाच्या राळेच्या थेंबात ठेवून वर पातळ काच बसवायची. राळ सुकायला तीन-चार आठवडे जातात. खोलीला कायम लवंगेचा वास असे, आणि शेजारी दाढ दुखली की तेल मागायला येत.

पंच्याऐंशी सालच्या ऑगस्टात गुणाजींना कांजूरच्या टेकडीवर एक पिवळं फुलपाखरू मिळालं. अशी पिवळी त्या टेकडीवर शेकड्यांनी उडतात, पण याच्या पंखाची काळी कड गुणाजींना निराळी वाटली. पिवळ्यांच्या जाती पंखांवरून पक्क्या ठरत नाहीत. नराच्या पोटाच्या टोकाशी मोहरीहून लहान असा चिमटा असतो, तो पाहावा लागतो. गुणाजींनी शहरातल्या संग्रहालयातल्या मृणालिनी तेलंग यांना पत्र टाकलं. बाईंचं उत्तर दोन ओळींचं होतं: आपल्या भागातून नोंद नसलेली जात असू शकेल, स्लाइड पाठवा.

फुलपाखरू एकच होतं. चार रविवार टेकडी तुडवूनही दुसरं मिळालं नाही. त्यात दोन वर्षांपासून गुणाजींचा उजवा हात थरथरायला लागला होता. डाव्या हातानं उजवं मनगट धरून, तीन रविवार खर्ची घालून त्यांनी तो चिमटा मांडला. मला दाखवला तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. स्लाइड ट्रेमध्ये सुकायला ठेवली, आणि आठवड्याभरात दसरा आला.

गुणाजींचे वडील गिरणीत होते. दसऱ्याला मागाला हार घातल्याशिवाय ते घरी जेवत नसत. तोच नेम गुणाजींनी घरी चालवला होता. पाटावर मायक्रोस्कोप, सुया, चिमटे, स्पिरिटचा दिवा मांडायचा आणि हळद-कुंकू वाहायचं. त्या वर्षी ते आंघोळीला जाताना बायकोला, म्हणजे मालनवहिनींना, सांगून गेले, सगळं मांडून ठेव. वहिनींनी सगळं मांडलं. स्लाइडचा ट्रेसुद्धा. आणि वेळ जाऊ नये म्हणून प्रत्येकाला बोटानं कुंकू लावूनही टाकलं.

जुन्या स्लाइडना काही झालं नाही. ओल्या स्लाइडची वरची काच बोटाखाली सरकली, कुंकवाचे कण राळेत शिरले आणि चिमटा कुशीवर पडला. कुशीवर पडलेल्या चिमट्यावरून जात सांगता येत नाही.

"वाट लावलंस माझी," एवढं बोलून गुणाजींनी चार दिवस अबोला धरला. वहिनींचं म्हणणं एकच, "तुमीच सांगितलात ना, सगळा मांड म्हणान?" खरं तर तेही बरोबर होतं.

उपाय एकच होता. स्लाइड झायलीनमध्ये बुडवून राळ सोडवायची, चिमटा बाहेर काढायचा, कुंकू झाडायचं आणि पुन्हा मांडायचा. एक धक्का लागला तर तुकडे. गुणाजींनी राळ सोडवली आणि रविवारी मला बोलावलं. मी एम.एस्सी.ला पहिल्या वर्गात आलेला माणूस, म्हणून ऐटीत बसलो. सुईच्या टोकावर तो चिमटा दोनदा उचलला आणि दोनदा निसटला. दुसऱ्यांदा त्याचा एक केस तुटलेला दिसला, तेव्हा मी सुई खाली ठेवली. मला भीती वाटली आणि मी तसं सांगितलं.

वहिनी मोरीपाशी कोळंबी साफ करत होत्या. कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा त्या एका ओढीत, न तोडता, अख्खा काढत. हात साबणानं धुऊन त्या फळीपाशी आल्या.

"माका बघू देत."

गुणाजी स्टुलावरून उठले.

वहिनींनी एका डोळ्यानं आत पाहिलं. "सुंगटाचो दोरो काढूचो, तसाच मा ह्या? ओढूचा नाय, येता तसा येऊ देऊचा."

चार मिनिटं लागली असतील. कुंकवाचा एकेक कण बाजूला झाला, चिमटा राळेत उताणा बसला, वर काच आली आणि आत एकही बुडबुडा राहिला नाही. गुणाजींनी वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "चाय ठेव गो." अबोला तिथं संपला.

स्लाइड सुकल्यावर संग्रहालयात गेली आणि डिसेंबरात तेलंगबाईंचं पत्र आलं. जात नेहमीचीच निघाली. गुणाजींना फार वाईट वाटलं, आणि ते लपवायची कला त्यांच्याकडे नव्हती. पत्राच्या तळाशी बाईंनी लिहिलं होतं, मांडणी उत्तम आहे, सोबत सहा पोटं पाठवत आहे, याच हातानं करून द्यावीत. गुणाजींनी ती ओळ वहिनींना मोठ्यानं वाचून दाखवली. त्या सहा स्लाइडच्या चिठ्ठ्यांवर ठिकाण आणि तारखेखाली गुणाजींच्या थरथरत्या अक्षरात लिहिलेलं मी पाहिलं आहे: मांडणी, मालन घाडी.

पुढच्या दसऱ्याला सोनं द्यायला मी त्यांच्याकडे गेलो. पाटावर मायक्रोस्कोप होता, सुया होत्या. स्लाइडचा ट्रे कपाटावर, कुणाचा हात पोचणार नाही असा ठेवलेला. गुणाजींनी कुंकवाचा करंडा उचलला.

"गो, हात दाखय."

"माझे कित्या?"

"हत्यारांक लावतत ना?"

"पिठाचे आसत. धुवान येतंय."

वहिनी हात धुऊन आल्या, दोन्ही पंजे पुढे धरून उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघून लाजल्या. गुणाजींनी बोटांवर कुंकू लावायला घेतलं, पण हात थरथरला, आणि निम्मं कुंकू लादीवर पडलं.

"आवंदा तुमी सांडलात," वहिनी म्हणाल्या.

गुणाजी दुसरा पंजा हातात घेत म्हणाले, "सांडूदे."