माझ्या नावाचं लंघन

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बुवा! नाहीतर मी सांगायला लागलो की तुम्ही मध्येच फिसकन हसता, चहा सांडता आणि मी पुढचं विसरतो. आणि पुढचं विसरून चालायचं नाही, कारण मी केवढा मोठा शहाणा आहे ते सगळं पुढेच आहे.

तर मी रेवदंड्याचा तांडेल. म्हणजे होतो. होडीवर सुकाणू धरतो तो तांडेल. खलाशी कितीही दांडगे असोत, खाडीच्या तोंडाशी पाणी उसळायला लागलं की सगळ्यांचे डोळे एकाच माणसाच्या हाताकडे. आधी तो हात बापाचा होता, मग माझा. देश स्वतंत्र झाला त्याच सुमारास सुकाणू माझ्याकडे आलं. चार-पाच वर्षं मोठ्या रुबाबात काढली आणि मग एका हिवाळ्यात बोटं सुजायला लागली.

सुजायला म्हणजे काय! सकाळी उठावं तर दोन्ही हात ताठ. मूठ वळेना, कप धरवेना. अहो, कमरेच्या रुमालाची गाठ मारता येईना! चाळिशीही न गाठलेला बाप्या उभा, आणि बायको दार लावून घेऊन त्याला रुमाल नेसवतेय. हे सांगताना मला आजसुद्धा लाज वाटते, पण तुम्ही घरचेच.

अलिबागच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. गोळ्यांनी दुखणं जरा दबायचं, पण पोटात आग पडायची. वर तो म्हणाला, "हे दुखणं पुरतं जाणारं नाही, हातांना सांभाळून राहा." सांभाळून राहा म्हणे! हे वाऱ्याला कोण सांगणार?

होडी माझी आणि धाकट्या भावाची, धर्माची, दोघांची मिळून. एक दिवस तो मान खाली घालून म्हणाला, "दादा, शिमग्यापरयंत बघू. तवर हात सुधारला न्हाय तर सुकाणू मी धरतो. होडीवर लोकांचा जीव हाय."

बोलला ते खरंच होतं. खोटं असतं तर त्याला चार शिव्या हासडल्या असत्या, मोकळा झालो असतो. पण खरं होतं, म्हणून मी बोंबील वाळत घातले होते त्यांच्या आडोशाला गेलो आणि रडलो. अगदी पोरासारखा रडलो.

मग कोणीतरी चौलचे वैद्यबुवा सुचवले. सुपारीच्या वाडीत घर, ओटीवर रोग्यांची रांग. बुवांनी जीभ बघितली, नखं बघितली आणि बोटाचं पेर असं काही दाबलं की माझ्या ओरडण्यानं वाडीतले कावळे उडाले.

"आमवात आहे," बुवा म्हणाले. "बाहेरचा शत्रू नाही रे तांडेला. घरातलेच घरच्यांवर उठलेत. तुझंच अंग तुझ्या सांध्यांना परकं समजून झोडपतंय."

"मग त्याला समजवा की बुवा!"

"समजावून ऐकतंय थोडंच? जरा उपाशी ठेवू या. बघू भांडण कमी होतं का. लंघन करायचं. ऊन डोक्यावर आलं की एकदाच जेवायचं, तेही बेताचं. मग दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर येईपर्यंत सुंठेच्या पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. बरं वाटेलच असा शब्द देत नाही, पण करून बघ."

एवढंच? मी खूश! दुसऱ्याच दिवशी होडीवर लंघन सुरू.

आता आमच्या होडीवर एक रीत होती. तांडेलानं पहिला घास घेतल्याशिवाय कोणी थाळीला हात लावायचा नाही. सकाळी भाताचं टोप उतरलं, कालवण उतरलं, वास असा सुटला की विचारू नका. मी म्हटलं, "मी न्हाय जेवत. तुमी जेवा."

भात निवायला लागला तरी कोणी थाळी ओढेना.

"तांडेल, पाण्यात काय वंगाळ दिसला काय?" एकानं हळूच विचारलं.

"न्हाय रे बाबा! माझं औषध हाय."

"जेवायचं न्हाय, ह्ये कसलं औषध? काय दिसला असंल तर सांगा, होडी मागं फिरवू."

आणि खरंच शिडाच्या दोरीला हात घातला की त्यांनी! म्हणजे मी एक सकाळ उपाशी राहायचं, तर सगळी होडी उपाशी राहणार, वर रिकाम्या हातानं परत जाणार. काय करतो? थाळी ओढली. घास घेतला. एकदा घेतलाच आहे म्हणून पोटभर घेतला. मग दुसरी थाळी घेतली. माझं लंघन ते तिथंच आटोपलं.

घरी आलो तो तोंड पाडून. बायकोला, चांगुणाला, सगळं सांगितलं. ती मासळीची पाटी धूत होती. मान वर न करता म्हणाली, "येवढंच ना? मग मी करते की."

थांबा! हसू नका. तुम्हाला हे येडेपणाचं वाटतंय, पण आमच्या घरात ते अगदी सरळ होतं. बाप्या समुद्रावर, तिथं त्याला उपासतापास कसले जमणार? म्हणून त्याचे उपास बायको करते. लग्न झाल्यापासून माझे सगळे सोमवार चांगुणानंच केलेत. नवस मी बोललो, दत्ताच्या टेकडीच्या पायऱ्या अनवाणी चढली ती. फळ मात्र माझ्या नावावर! देवानं आजवर कधी तक्रार केली नव्हती. जे देवाला चालतं ते सुंठेच्या पाण्याला का चालू नये?

मी एवढंच म्हटलं, "पण पाणी पिताना नाव माझं घे हां."

"इश्श! तोंडानं कसं घेऊ? मनात घेते."

झालं! औषध सुरू. चांगुणा दुपारी एकदा जेवायची आणि मग दुसऱ्या दुपारपर्यंत सुंठेचं पाणी, माझ्या नावानं. तिची उरलेली भाकरी जायची कुठं? माझ्या डब्यात! टाकून थोडीच देणार?

पंधरवड्यानं वैद्यबुवांकडे गेलो.

"लंघन चाललंय?"

"एकदम कडक, बुवा."

खोटं बोललो का? नाही. आमच्या घरात लंघन कडकच चाललं होतं. बुवांनी बोटं दाबली, मी ओरडलो, कावळे उडाले. मग बुवा माझ्या पोटाकडे बघत राहिले.

"कडक म्हणतोस?"

"वैरी करणार न्हाय असं."

"मग अंगावर मांस चढतंय कसं? बरं, अजून आवळू या. आता दुपारी नुसती पेज."

मी घरी येऊन सांगितलं, "आता नुसती पेज बरं का." ती म्हणाली, "बरं." बस्स, एवढंच. ना हूं ना चूं. आणि पेज पिऊन डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बाजारचा चढ चढायची.

मला दिसत नव्हतं का? दिसत होतं ना! तिच्या हातातल्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरायला लागल्या होत्या. आणि मी मनात म्हणत होतो, वा! औषध मुरतंय! इकडे माझी बोटं होती तशीच. उलट सकाळी रुमालाची गाठ तर सोडाच, रुमालच पोटाला पुरेना.

बाजारात बायका बोलायला लागल्या. तांडेल फुगतोय नि बायको वाळतेय. ही बातमी वाऱ्यावर बसून थेट किहीमला गेली. किहीम तिचं माहेर.

आणि एक दिवस सासरेबुवा दारात. हा माणूस कधी किहीमचे नारळ घेतल्याशिवाय आला नाही. त्या दिवशी हात रिकामे. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं!

"जावईबापू, हल्ली म्हावरं लागत न्हाय काय?"

"लागतं की, मामा."

"मग आमच्या पोरीला उपाशी का ठेवलाय?"

"मी कुठं ठेवलाय? ती माझं औषध घेते!"

"काय घेते?"

"माझं औषध. मला आमवात झालाय, म्हणून ती जेवत न्हाय."

खरं सांगू? हे वाक्य मोठ्यानं बोललो तेव्हा पहिल्यांदा मला ते जरासं चमत्कारिक वाटलं. अगदी जरासं.

सासऱ्यानं डोक्यावरची लाल टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि लेकीकडे बघितलं. "व्हय गो?"

"व्हय बाबा. त्यांना होडीवर जमत न्हाय."

मी वाट बघत होतो, आता हा मला झोडपणार. पण तोही कोळीच! त्याचेही सगळे सोमवार सासूनंच केलेले. त्यानं टोपी परत डोक्यावर चढवली आणि लेकीवरच डाफरला, "मग गुण कसा न्हाय येत? नाव बरोबर घेतेस ना?"

"घेते की! आख्खं घेते. बापाच्या नावासकट!"

"मग चूक कुठं होते?"

तिघांनाही चूक सापडेना. शेवटी ठरलं, वैद्यालाच विचारू. निघाली वरात चौलला! पुढे सासरा, मागे मी, माझ्यामागे चांगुणा.

ओटी रोग्यांनी भरलेली. सासऱ्यानं सगळ्यांदेखत खणखणीत आवाजात तक्रार मांडली. "वैद्यबुवा, पोरगी तुमच्या सांगण्यापरमाणं पेजेवर हाय, नावसुदा बरोबर घेते. मग ह्याची बोटं का वळत न्हायत?"

बुवांचा खलातला हात थांबला.

"थांबा. लंघन कोण करतंय?"

"ही."

"आमवात कोणाला?"

"ह्याला."

"आणि जेवतंय कोण?"

सगळी ओटी माझ्या पोटाकडे बघायला लागली. मग एक खोकल्याचा रोगी जो हसायला लागला, त्याला थांबवता थांबवता दोघं दमले. बुवा मात्र हसले नाहीत. त्यांनी कपाळाला हात लावला.

"अरे तांडेला," ते म्हणाले, "देवाला नाव कळतं. आतड्याला नाव कळत नाही रे!"

मग ते चांगुणाकडे वळले. "बाई, आजपासून दोन्ही वेळ पोटभर जेवायचं. ह्याच्याआधी जेवायचं. तुझं काही दुखतंय का?"

"न्हाय वो. आधी गुडघे लई दुखायचे, चढ चढताना पाटी ठेवून बसाय लागायचं. आता न्हाय दुखत."

बुवांनी तिच्या गुडघ्यांकडे बघितलं, मग माझ्या बोटांकडे.

"अंगाचं ओझं उतरलं, गुडघे सुटले. वाट मात्र चुकीची होती हो. चक्कर येऊन कुठं पडली असतीस तर?" आणि मला म्हणाले, "घ्या. गुण आला. फक्त एक घर चुकला."

तुम्ही हसा. पण त्या ओटीवरून मी मान खाली घालून उतरलो. वाटभर चांगुणा माझ्यापुढे झपझप चालत होती, आणि तिचे ते काटकुळे हात मला पहिल्यांदा नीट दिसले. दोन महिने ती माझ्यासाठी उपाशी राहिली, एकदाही कुरकुरली नाही, आणि मी तिची भाकरी खाल्ली! शिमगा तर तोंडावर आलेला.

मग केलं लंघन. माझं मी. पण होडीवर ते जमणार नाही हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणजे घरी बसणं आलं. सुकाणू राखायला औषध, आणि औषधासाठी सुकाणू सोडायचं! धर्मा होडी घेऊन जायचा आणि मी किनाऱ्यावर सुंठेचं पाणी पीत शीड दिसेनासं होईपर्यंत बघायचो. भुकेनं जीव जायचा, पण ती भूक बरी म्हणायची, असं ते बघणं होतं.

शिमग्याला होडी सजवली. धर्मा म्हणाला, "दादा, धरून तर बघ."

धरलं. आतल्या पाण्यात ठीक होतं. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी अंगावर आलं आणि बोटं सुटायला लागली, एकेक करून. मी दातओठ खाऊन धरत होतो. तेवढ्यात वरून धर्माचा हात आला. त्यानं माझा हात बाजूला केला नाही हो, नुसता त्यावर आपला ठेवला. मीच माझा हात हळूच काढून घेतला.

"धर बाबा," मी म्हटलं. "तूच धर."

परत येईपर्यंत मी समुद्राकडे तोंड करून बसलो होतो. खलाशी समजूतदार. कोणी माझ्याकडे बघितलं नाही.

आता सकाळ थोडी हलकी जाते. दुपारपर्यंत रुमालाची गाठ माझी मला मारता येते. चांगुणा दोन्ही वेळ जेवते, बांगड्या परत मनगटावर आल्यात, आणि पाटी घेऊन तो चढ अशी चढते की मी मागून येईपर्यंत तिची अर्धी मासळी विकून होते.

आणि एवढ्यावर थांबेल तर ते गाव कसलं? परवा चौलच्या पलीकडून एक म्हातारा आला. काठी टेकत, बिचारा, बोटं माझ्यासारखीच. त्यानं ऐकलं होतं, रेवदंड्याला तांडेलाच्या घरी लंघनानं गुण आला. अंगणात चांगुणा पाटी उचलत होती, तिलाच त्यानं विचारलं. ती हसली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "त्यांना इचारा. वैद्यानं औषध त्यांनाच सांगितलं होतं."

म्हातारा माझ्यापुढे आला. त्यानं हात जोडले. मीही जोडायला गेलो, पण माझे काही नीट जुळले नाहीत, त्याचेही नाहीत.

"तांडेल," तो आशेनं म्हणाला, "तुमच्या घरात गुण आला. तुमी नेमकं केलं तरी काय?"

काय सांगणार? खरं तेच सांगितलं.

"मी जेवलो."